पोटात दुखतंय की मनात? शाळा बंद असताना मुलांकडे कसं बघावं

*प्रश्न: साथीमुळे सहा आठवडे शाळा बंद आहे. नऊ वर्षांच्या मुलीचं रोज सकाळी पोट दुखतं. दिवसभर ‘शाळा कधी सुरू होणार, तुला काही होणार नाही ना’ हेच चालू असतं आणि रात्री ती माझ्याशिवाय झोपत नाही. चौदा वर्षांचा मुलगा रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईलवर असतो, अकराला उठतो, काही बोललं की अंगावर येतो. आम्ही दोघंही घरूनच काम करतो. मुलगी नाटक करते आहे का? मुलाचा मोबाईल काढून घेऊ का? अभ्यास तर पार बुडाला आहे. – एक आई*

ताई, तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. मुलगी नाटक करत नाहीये. आणि मोबाईल हिसकावून घेऊ नका. तो रात्रीपुरता बाजूला ठेवायचा आहे आणि तेही झोपेची वेळ मागे आणता आणता. अभ्यासाचं शेवटी बोलू, कारण या घडीला तुमच्या घरातला तो सगळ्यात लहान प्रश्न आहे. कधी उठायचं, कधी खायचं, कधी हुंदडायचं, कुणाशी कट्टी आणि कुणाशी बट्टी, हे सगळं एरवी शाळेच्या वेळापत्रकात आपोआप बसतं. ते सुटलं की पहिली तक्रार शरीर करतं. लहानांचं पोट बिघडतं, मोठ्यांची झोप.

मेंदू आणि आतडी यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते. धास्ती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवलं नसतं तेही दुखतं. म्हणजे दुखणं खरंच आहे. बेंबीभोवती दुखणारं, सकाळी येणारं आणि खेळात रमल्यावर जाणारं पोट बहुधा याच जातीचं असतं. पण एक साधं कारण आधी तपासा: पोट साफ होतंय का? दिनक्रम मोडला की पाणी कमी प्यायलं जातं, हालचाल घटते, शौचाची वेळ चुकते. खाल्ल्यानंतर मोठं आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्या. नाश्ता झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तिला 5 ते 10 मिनिटं बसू द्या. कमोड असेल तर पाय लोंबकळू देऊ नका, छोट्या स्टुलावर टेकवा, म्हणजे गुडघे कमरेच्या थोडे वर येतील आणि जोर कमी लागेल.

दुखायला लागलं की एकदाच विचारा, ‘कुठं दुखतंय, दाखव.’ दहा मिनिटं जवळ पडू द्या आणि मग ठरलेलं काम सुरू करा. तासातासाला ‘आता कसं आहे?’ विचारलं की तिचं सगळं लक्ष पोटाकडे लागतं आणि दुखणं वाढतं. वजन घटत असेल, दुखण्यानं झोपेतून जाग येत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कळ उजवीकडे खाली सरकत गेली आणि सोबत ताप किंवा उलट्या असल्या, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता ते ‘शाळा कधी सुरू होणार’. तुम्ही प्रेमानं दर वेळी ‘काही होणार नाही गं’ म्हणत असाल. त्यानं पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग तीच गोळी पुन्हा लागते, कारण तिच्या मेंदूला शिकायला मिळतं की आईला विचारल्याशिवाय भीती जात नाही. शिवाय ‘काही होणार नाही’ याची खात्री तुम्हाला तरी कुठं आहे? खरं ते, तिच्या वयाला पेलेल एवढं, एकदाच नीट सांगा: ‘शाळा कधी उघडेल ते अजून ठरलेलं नाही. कळलं की त्याच दिवशी तुला सांगेन. आपण आजारी पडू नये म्हणून हे हे करतोय.’ पुन्हा विचारलं तर, ‘याचं उत्तर तुला माहीत आहे. बाकीचं संध्याकाळी बोलू.’ आणि संध्याकाळची 15 मिनिटं खरोखर राखून ठेवा, पण झोपायच्या तोंडावर नको. कागदावर दोन रकाने करा, ‘आपल्या हातातलं’ आणि ‘आपल्या हातात नसलेलं’, आणि तिनं सांगितलेली प्रत्येक काळजी तिच्याच हातानं त्यात लिहू द्या. पहिल्या रकान्यातल्या एका गोष्टीचं उद्या काय करायचं ते ठरवून उठा. पहिले काही दिवस ती जास्तच विचारेल. तिथं ढिलं पडू नका.

सोबत श्वासाचा सराव: नाकानं चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, अशी पाच आवर्तनं, दिवसातून दोनदा. बहुतेक घरांत हे रडारड सुरू झाल्यावर शिकवायला घेतात आणि म्हणून फसतं. ती शांत असताना शिकवा, म्हणजे घाबरल्यावर आठवेल. श्वास हलका हवा. मोठमोठे, भराभर श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि मूल आणखी घाबरतं.

रात्री एकटं झोपण्यासाठी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसा, गप्पा न मारता. दर तिसऱ्या रात्री खुर्ची दाराकडे थोडी सरकवा. दाराबाहेर पोचेपर्यंत घाई करू नका.

मुलाचं गणित वेगळं आहे. किशोरवयात झोपेचं घड्याळ मुळातच उशिरा सरकतं. शाळेची सकाळ त्याला रोज मागे खेचत होती. ती ओढ गेली, म्हणून तो अडीचवर पोचला. आज दहाला मोबाईल काढून घेतलात तर तो दहाला झोपणार नाही, अंधारात रागानं जागा राहील. म्हणून झोपेची नव्हे, उठायची वेळ धरा. दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे, म्हणजे अकरावरून साडेसातला यायला दोन आठवडे लागतील. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर उजेडात वीस-तीस मिनिटं. गच्ची, अंगण, बाल्कनी, काहीही चालेल. घड्याळ मागे आणायचं मुख्य काम हा सकाळचा उजेड करतो. दुपारची झोप फार तर वीस मिनिटं, तीनच्या आत. दुपारनंतर चहा-कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद. सुटीच्या दिवशी उठायला एक तासापेक्षा जास्त उशीर झाला की आठवड्याची कमाई जाते. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, मुलीला 9 ते 12.

मोबाईलचा नियम एकच ठेवा: झोपण्याच्या एक तास आधी सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे तुमचे दोघांचेही. नाहीतर हा नियम दोन दिवस टिकणार नाही. पण मित्रांसाठी संध्याकाळचा तास राखून द्या, त्यात ढवळाढवळ नको. त्याची मित्रमंडळी आत्ता त्या पडद्यातच आहे आणि तीही काढून घेतलीत तर तुम्ही त्याला खरोखर एकटं पाडाल. अंगावर आला तर त्या क्षणी वाद थांबवा आणि जेवण झाल्यावर, शेजारी बसून, डोळ्यांत न बघता बोला. भांडी आवरताना मुलगे जास्त बोलतात.

हालचाल दोघांनाही हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी किमान 60 मिनिटं सांगितली आहेत, धाप लागेल अशी. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. बाहेर जाता येत नसेल तर दोरीवरच्या उड्या, जिना, नाच. उड्या आठवड्यातून तीन दिवस तरी असाव्यात, हाडांसाठी.

अभ्यास नाश्त्यानंतर. मुलीला वीस-पंचवीस मिनिटांचे दोन-तीन तुकडे, मुलाला चाळीस मिनिटांचे. मध्ये उठून चालणं. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघायची सवय लावा. शाळेचे सहा तास घरात उभे करायला जाऊ नका, त्यात घरी काम करणारे आईबाप आधी थकतात.

उदासी, चिडचिड, खाणं किंवा आवडतं काम सुटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर समुपदेशक किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मुलगा ‘मी नसलेलाच बरा’ असं काही बोलला तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

शाळा उघडण्याची तारीख कळली की आठवडाभर आधीपासून शाळेच्या वेळेला उठवा, दप्तर भरून घ्या, शाळेच्या रस्त्यानं दोघांना एकदा फिरवून आणा. पहिल्या आठवड्यात मुलीचं पोट बहुतेक पुन्हा दुखेल. ताप, उलटी किंवा वर सांगितलेलं कुठलंही लक्षण नसेल तर घरी ठेवू नका. एक दिवस घरी राहिली की दुसऱ्या दिवशी पाऊल उचलणं जास्त जड जातं. वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दुखल्यावर घरी फोन करण्याऐवजी ते तिला दहा मिनिटं बसू देतील आणि परत वर्गात आणतील.