बेघरांसाठी देणगी आणि मृत्युपत्रातला वाटा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आणि आता निवृत्तीकडे झुकलेली अनेक मराठी जोडपी विचारतात की, बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आपल्यामागे काही ठेवायचे असेल तर ते मृत्युपत्रात कसे लिहावे आणि त्यामुळे मुलांचे नुकसान तर होणार नाही ना. या प्रश्नामागची भावना मला फार मोलाची वाटते. या देशात पहिले घर भाड्याने घेताना जामीनदार कोण, असे विचारल्यावर आपल्यापैकी कित्येकांना उत्तर देता आले नव्हते, आणि तेव्हा कोणा ओळखीच्याने खोली दिली नसती तर काय झाले असते, हे आपण विसरलेलो नाही. दुकानाच्या दारात स्लीपिंग बॅग अंथरणारा माणूस तेवढा बेघर, असे नाही. तात्पुरत्या निवाऱ्यातल्या एकाच खोलीत आईवडिलांसह राहणारे, पलंगावर वही ठेवून गृहपाठ करणारे मूलही कायद्याच्या दृष्टीने बेघरच असते.

मृत्युपत्राआधी दरमहाच्या देणगीचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. थंडीत एकदाच दिलेल्या ब्लँकेटांपेक्षा दरमहा खात्रीने येणारे वीस पौंड अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्या भरवशावर संस्थेला सल्लागार नेमता येतो आणि घर हातातून जाण्यापूर्वीच भाडेकरूला मदत मिळते. देणगीवरचा आयकर सरकारकडून संस्थेला परत मिळवून देणाऱ्या ‘गिफ्ट एड’ योजनेच्या चौकटीत खूण केली की संस्थेला त्या २० पौंडांचे २५ मिळतात, आणि देणारा ४० टक्के दराने आयकर भरत असेल तर त्याला स्वतःलाही ५ पौंडांची सवलत मागता येते. मात्र संस्थेला मिळणाऱ्या परताव्याइतका कर त्या वर्षी आपण भरलेला असला पाहिजे, अन्यथा फरक आपल्याकडून वसूल होतो. म्हणून पतिपत्नींपैकी जो कर भरतो त्याच्याच नावाने देणगी द्यावी.

संस्थांची कामे वेगवेगळी आहेत. १९६६ साली सुरू झालेली शेल्टर घरांच्या प्रश्नांवर सल्ला आणि कायदेशीर मदत देते, तर १९६९ साली सुरू झालेली सेंटरपॉइंट तरुण मुलामुलींसाठी काम करते. आपल्याला कोणते काम जवळचे वाटते ते ठरवावे आणि नोंदणी क्रमांक चॅरिटी कमिशन या धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नोंदवहीत तपासून तोच मृत्युपत्रात लिहावा, कारण नावे सारखी असू शकतात.

मृत्युपत्रात ठरावीक रक्कम लिहिली तर महागाईने ती वीस वर्षांत झिजते, आणि एखादा फ्लॅट नेमून दिला व पुढे तो विकला गेला, तर ती देणगीच उरत नाही. त्यामुळे कर्ज, खर्च आणि घरच्यांना द्यायच्या रकमा वजा जाऊन जे उरेल त्याचा काही टक्के वाटा लिहून ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. संस्थेला दिलेल्या भागावर वारसा कर लागत नाहीच, शिवाय ३,२५,००० पौंडांच्या करमुक्त मर्यादेवरील मालमत्तेचा किमान दहावा भाग दिला तर उरलेल्यावरील दर ४० ऐवजी ३६ टक्के होतो. समजा मालमत्ता ५,००,००० पौंडांची आहे आणि राहत्या घराची वेगळी सवलत लागू नाही. काहीच न दिल्यास ७०,००० पौंड कर जातो. १७,५०० पौंड दिल्यास कर ५६,७०० होतो, म्हणजे मुलांच्या हाती फक्त ४,२०० पौंड कमी येतात. हा हिशेब मुलांसमोर कागदावर मांडून पाहावा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सही दोन साक्षीदारांच्या एकत्रित उपस्थितीत व्हावी लागते. घाईघाईत सुनेला साक्षीदार करण्याची चूक आपल्या घरांत सहज होऊ शकते. लाभार्थी किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असेल तर त्या लाभार्थीचा वाटा रद्द होतो, म्हणजे सुनेच्या सहीने मुलाचा हक्क जातो. शेजारी किंवा सहकारी बोलवावेत. स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत.

भारतातल्या घराचे वा जमिनीचे दुसरे मृत्युपत्र असेल तर अधिक जपावे, कारण ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे नेहमीचे वाक्य नव्या कागदात जसेच्या तसे राहिले तर भारतातले मृत्युपत्रही त्यासोबत रद्द होऊ शकते. दोन्ही कागद एकाच सॉलिसिटरला दाखवून ते वाक्य ब्रिटनमधील मालमत्तेपुरते मर्यादित करून घ्यावे.

मुलांना हा निर्णय आपल्या हयातीतच सांगावा, कारण कुटुंबीय आणि आश्रितांच्या तरतुदीबाबतच्या १९७५ च्या वारसा कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये सज्ञान मुलेही न्यायालयात पुरेशा तरतुदीचा दावा करू शकतात आणि मृत्यूनंतर अनपेक्षितपणे कळलेल्या देणगीने मने अधिक दुखावतात. हा वाटा का ठेवला, याचे अर्ध्या पानाचे पत्र मृत्युपत्रासोबत ठेवावे. मुलांसाठी ते मराठीत लिहिले तरी एक प्रत इंग्रजीत असू द्यावी, म्हणजे अंमलबजावणी करणाऱ्यालाही ते वाचता येईल.