सोनेरी भिंतीसाठी कर्ज काढावं का?

प्रश्न: मुलुंडला ४० वर्षं जुन्या सोसायटीत आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. हॉलच्या १२ बाय ९ फुटी भिंतीला सोनेरी स्टील पॅनल लावायचे आहेत. कोटेशन १२८ चौरस फुटांचं आहे, दर १,२०० रुपये, जीएसटी वेगळा. एफडी ४ लाखांची, घरखर्च महिना ५० हजार. एफडी न मोडता दीड लाखाचं पर्सनल लोन (१४ टक्के, ३ वर्षं) घेऊ का? रीडेव्हलपमेंटचीही चर्चा आहे.

उत्तर: कर्ज नको. १,५३,६०० वर १८ टक्के जीएसटी धरला की बिल १,८१,२४८ रुपये होतं. कर्जाचा हप्ता साधारण ५,१२७ रुपये, म्हणजे ३ वर्षांत सुमारे ३४,५०० रुपये नुसतं व्याज. प्रोसेसिंग फी निराळी. भिंत पडली जवळपास २ लाख १६ हजारांना. उद्या फ्लॅट विकलात तर गिऱ्हाईक तिचे वेगळे पैसे देईल, ही आशा सोडा.

भिंत १०८ चौरस फुटांची, मग बिल १२८ चं का? शीट येते ८ बाय ४ ची. ३ शीट उभ्या लावल्या की रुंदी भरते, वर फूटभर जागा उरते. तेवढ्या पट्टीसाठी चौथी शीट कापायची, निम्म्याहून जास्त भंगारात घालायची आणि पैसे मात्र पूर्ण शीटचे मोजायचे. वरचा फूट रंगवून सोडलात तर जीएसटीसकट ४५,३१२ रुपये वाचतात.

त्याआधी सेक्रेटरींना विचारा, रीडेव्हलपमेंटसाठीची ७९-अ ची (सहकारी संस्था कायद्याच्या कलमाखालची) प्रक्रिया कुठवर आली आहे? विकासक निवडला असेल तर या भिंतीत एक रुपयाही घालू नका, कारण घर रिकामं करताना आतल्या सजावटीची भरपाई सहसा करारात नसते. नुसतीच जिन्यातली कुजबुज असेल तर मात्र वर्षानुवर्षं थांबून राहण्यात अर्थ नाही.

तसं असेल तर ६ महिन्यांच्या खर्चाचे ३ लाख तसेच ठेवा. उरलेल्या लाखात टीव्हीमागे २ शीट बसतात: ८ बाय ८ फूट, जीएसटीसह ९०,६२४ रुपये. एफडी एकाच पावतीची असेल तर ती मोडल्यावर जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर मिळतो, वर दंड. मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर काम तेवढं पुढे ढकला.

भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर पावसाळ्यात ओल येते का ते बघूनच ऑर्डर द्या. ओल्या भिंतीवर प्लाय फुगतो आणि पॅनल सुटतात. प्लास्टरवर थेट चिकटवू देऊ नका. १२ मिमीचा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय प्लग-स्क्रूने बसवून त्यावर पॅनल, सांध्यात २-३ मिमी फट. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरच हवं, व्हिनेगरसारखा वास येणारं धातूला खातं. शीट ०.८ मिमीपेक्षा पातळ असली तर दिव्याच्या उजेडात पृष्ठभागावर लाटा दिसतात.

कोटेशनमध्ये ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) एवढंच लिहिलेलं चालणार नाही. ग्रेड ३०४ हे बिलावर लिहून घ्या. लोहचुंबकाच्या चाचणीवर भिस्त ठेवू नका, स्वस्त २०२ ग्रेडलाही तो सहसा चिकटत नाही. शीटचा सुटा भाव गुलालवाडीच्या स्टील बाजारात काढलात तर मजुरी किती लावली आहे तेही कळेल.

शेवटचे १० टक्के हातात ठेवा. ते देण्यापूर्वी स्विचबोर्डाच्या कापलेल्या कडांवर रबरी पट्टी आहे का, पॅनलला अर्थिंग दिलं आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.