विचारा, सांगतो : तुम्ही आडव्या, लेकरू कामाला

प्रश्न : दिवसभर कापूस वेचून साडेपाचला घरी येते. मुलगा २० महिन्यांचा आहे. स्वयंपाकाआधी अर्धा तास नुसतं पडावं वाटते, पण पोट्टं अंगावर चढते. हे त्याला मोबाइल लावून देतात, बंद केला की भोकाड पसरते. खेळणी दोन मिनिटांत फेकते. काय करावं?
*– एक आई, दारव्हा तालुका*

उत्तर : ताई, आल्याबरोबर पडू नका. आधी हातपाय धुवा आणि वेचणीचे कपडे बदला, पराटीवर फवारलेलं औषध कपड्यांना लागलेलं असू शकतं. मग दहा मिनिटं पूर्ण त्याची. मांडीवर घ्या, दूधपोळी किंवा केळ भरवा. दिवसभर आई दिसली नाही, त्याला आधी आई पाहिजे, खेळणं नंतर. ही दहा मिनिटं वाचवायला गेलं की पुढचा तासभर पदराला लोंबकळणं चालतं. भुकेलं लेकरू तर कशातच रमत नाही.

मग खोलीत सतरंजी अंथरा आणि दाराला पाठ लावून आडव्या व्हा. दार तुमच्या अंगानंच अडलं, की त्याच्यामागं उठावं लागत नाही. खोलीत चूल, भरलेली बादली, फवारणीच्या बाटल्या, उघडं बटन काही नको.

समोर एक टोपलं ठेवा. त्यात एक गंज म्हणजे पातेलं, लहानमोठ्या तीन वाट्या, एक लाकडी चमचा, चार मोठे बटाटे आणि जुन्या साडीचा हातभर तुकडा. एवढंच. वस्तू जास्त झाल्या की लेकरू टोपलं पालथं घालून मोकळं होतं. या वयात खेळ म्हणजे घालणं आणि काढणं. बटाटा गंजात टाकायचा, आवाज ऐकायचा, काढायचा, पुन्हा टाकायचा. बाजारातलं खेळणं बटन दाबलं की एकच गोष्ट करतं, म्हणून ते दोन मिनिटांत फेकलं जातं. बटाट्याऐवजी वांगी देऊ नका, देठाला काटे असतात. गंजाखाली गोधडीची घडी ठेवली तर डोकं उठणार नाही. अशी दोन टोपली करा. एक बाहेर असताना दुसरं फळीवर, नजरेआड. तीन-चार दिवसांनी बदललं की जुनंच सामान नवं वाटतं.

तरी तो तुमच्याकडं येणारच. त्यासाठी पडल्या पडल्या होणारे दोन खेळ. जुनं कापड घट्ट गुंडाळून, वरून शिवून, तुमच्या मुठीहून मोठा चेंडू करा. तुम्ही फेकायचा, त्यानं आणायचा, चालणं त्याचं. दुसरा खेळ पायाला तेल लावण्याचा. वाटीत तेलाचा एकच थेंब टाकून द्या, तो तळव्याला चोळत बसेल. थेंबाचा चमचा झाला की फरशी निसरडी होते आणि अर्धा तास पुसण्यात जातो.

डोळा लागेल असं वाटत असेल त्या दिवशी मात्र हे मांडूच नका. लेकरू सासूबाईंकडं किंवा त्याच्या बाबांकडं सोपवा आणि खरंच झोपा.

मोबाइलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये हेच सांगितलं, की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको. मामाशी व्हिडिओ कॉल चालतो. व्हिडिओ एकामागून एक येतच राहतात, त्यांना शेवट नसतो, म्हणून बंद करताना आकांत होतो. ज्या वेळी मोबाइल मिळायचा, नेमक्या त्याच वेळी टोपलं काढा. पहिले काही दिवस रडणं वाढेल. तिसऱ्या दिवशी कंटाळून दिलात, तर जास्त रडलं की मिळतं एवढंच तो शिकेल. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं, विशेषतः बाबांनी.

प्रश्न : दोन वर्षांच्या नातीला ज्वारीच्या धांड्याची बैलबंडी करून देतो. सून म्हणते, तोंड कापेल.
*– एक आजोबा, अकोट तालुका*

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे. धांड्याची सोललेली साल पात्यासारखी कापते. आतला गाभा मऊ, तो दातानं तुटतो आणि तुकडा घशात अडकू शकतो. बंडी कराच, पण नातीसमोर बसून करा, दाखवा आणि वर ठेवा. हातात द्यायला तान्ह्या पोळ्याला लेकरं ओढतात तो लाकडी नंदी काढा. आधी चाकाचा खिळा हलतो का, रंगाचे पोपडे निघतात का ते बघा. दोरी वीतभरच ठेवा. लांब दोरी गळ्याभोवती गुंडाळली जाते. चाक किंवा शिंग निघून आलं आणि ते दोन बोटांच्या रुंदीपेक्षा लहान असेल, तर नंदी बाजूला. चिंचोके, शेंगदाणे, चणे यांनाही हाच नियम.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी नातू माझ्याकडं असतो, दीड वर्षाचा. माझे टोंगळे दुखतात, मागं धावणं होत नाही.
*– एक आजी, वरोरा तालुका*

उत्तर : आजी, पाणी. परातीत बोटाच्या एका पेराएवढंच पाणी, एक प्लास्टिकचा गिलास आणि चहाची गाळणी. तुम्ही भिंतीला टेकून, पाय पसरून बसा आणि परात दोन पायांच्या मध्ये घ्या, म्हणजे तो कुंपणातच राहतो. तुम्हाला उठायचं झालं तर आधी परात रिकामी करायची. दोन इंच पाण्यातही लहान लेकरू बुडतं, त्यामुळं बादली आणि पाण्याचे गुंड झाकलेलेच हवेत. आणि कुलरपासून लांब बसा. लोखंडी कुलरमध्ये करंट उतरला असेल तर ओला हात लागताच झटका बसतो.

प्रश्न : घरी खेळायला पीठ मळून द्यायचं आहे. ज्वारीचं चालेल का?
*– एक वाचक, आर्वी तालुका*

उत्तर : नाही, ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, गोळा भुगा होतो. एक वाटी कणीक, अर्ध्या वाटीला थोडं कमी पाणी आणि चमचाभर तेल घ्या. पाणी थोडं थोडं घाला, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. टिकावं म्हणून काहीजण अर्धी वाटी मीठ घालतात. सगळं तोंडात घालणाऱ्या लेकरासाठी ते घालू नका, एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं असतं. बिनमिठाचं पीठही खायला देऊ नका, ते कच्चं असतं. उन्हाळ्यात गोळा संध्याकाळपर्यंत आंबतो, तो ढोरांच्या घमेल्यात टाका.