नवजात बाळाचं फोटोशूट घरीच करायचंय, कधी आणि कसं ठरवू?

बाळ 5 ते 14 दिवसांचं असताना ठेवा, दिवसाउजेडी, घरातल्या सगळ्यात मोठ्या खिडकीजवळ. या दिवसांत बाळ गाढ झोपतं आणि पोटात असल्यासारखं अंग मुडपून घेतं. पुढे झोप सावध होते. मी हेच काम करते, म्हणून सांगते, दोन-तीन तास मोकळे ठेवा. निम्मा वेळ दूध पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं यातच जातो, आणि जाऊ द्यावा. फ्लॅश नको. पातळ पडद्यातून आलेला उजेड एका बाजूने पडू द्या, कानाच्या पाळीवरची लवसुद्धा दिसते. उघड्या अंगाचे फोटो हवे असतील तर खोली आधीच उबदार करा.

हनुवटी हातांवर टेकवलेली पोझ मात्र कृपा करून करून बघू नका. तो फोटो दोन फोटो जोडून बनवतात आणि दोन्हींत कुणीतरी बाळाला धरलेलं असतं.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा बाळंतीण थकलेली असेल तर ही 14 दिवसांची मर्यादा विसरा. आधी डॉक्टरांना विचारा. महिन्याभरानंतर उघड्या डोळ्यांचे, आईच्या कुशीतले फोटोही फार सुंदर येतात.