वारा सुटला आणि पाणी खारट झालं, ते कसं?

प्रश्न: माझा मुलगा नॉर्वेत बर्गनच्या बाजूला, फियॉर्डमधल्या मत्स्यपालन केंद्रावर कामाला आहे. जुलैत छान ऊन होतं, मग दोन दिवस जोराचा वारा सुटला. माशांच्या पिंजऱ्यांपाशी पाणी एकदम गार पडलं, खारटही झालं म्हणे. वाऱ्याने पाणी आटलं म्हणून मीठ वाढलं का?
– एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: ताई, वाऱ्याने पाणी आटतं हे खरंच, पण दोन दिवसांत इतका फरक पडण्याएवढं नाही. शिवाय नुसतं आटून ते एवढं गारही पडलं नसतं. इथे वाऱ्याने वरचं पाणी बाजूला सारलं.

फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली अरुंद, खोल दरी, जिच्यात समुद्र शिरला आहे. बर्गनच्या उत्तरेचा सोग्नेफियॉर्ड तर सुमारे १,३०० मीटर खोल आहे. उन्हाळ्यात डोंगरावरचं बर्फ वितळून नद्यांचं गोडं पाणी त्यात येतं. ते हलकं, म्हणून काही मीटरचा थर होऊन वरच पसरतं आणि उन्हाने तापतं. खाली असतं गार समुद्राचं पाणी, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मिठाचं. बशीतल्या दुधावर फुंकर मारली की साय पलीकडे सरकते, तसा दरीतून समुद्राकडे वाहणारा वारा हा वरचा थर बाहेर ढकलतो आणि खालचं पाणी वर येतं. वारा उलटा असेल, तर गोडं पाणी आतल्या टोकाशी कोंडतं.

बाहेरच्या किनाऱ्यावरचा वाराही आत पोहोचतो. ‘फ्राम’ जहाजाच्या १८९३–९६ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत नॉर्वेचा संशोधक नान्सेनने पाहिलं, की समुद्रावर तरंगणारा बर्फ वारा ज्या दिशेने जातो तिच्या उजवीकडे वाहतो. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं आणि वरचं पाणीही तसंच सरकतं, हे स्वीडिश शास्त्रज्ञ एकमनने १९०५ मध्ये गणिताने मांडलं. म्हणून उत्तरेकडून येणारा वारा नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी खोल समुद्राकडे लोटतो, खालचं गार पाणी वर चढतं आणि फियॉर्डमध्येही शिरतं. आत वाऱ्याची झुळूक नसली तरीही!

हिवाळ्यात उलटं. तेव्हा वरचा थर थंडीने गारठलेला आणि खालचं पाणी त्यापेक्षा उबदार, त्यामुळे तसाच वारा पिंजऱ्यांपाशी पाणी कोमट करू शकतो. मला या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

मुलाला सांगा, वाऱ्याची दिशा टिपून ठेव आणि तापमान एक मीटरवर नि दहा मीटरवर, दोन्हीकडे घे. उन्हाळ्यात वर गार आणि खाली थोडं गरम झालं, तर वाऱ्याने पाणी नुसतं ढवळलं. दोन्हीकडे गार पडलं, तर खालचं पाणी वर आलं.