पाण्याखालच्या रोबोटवर काम करायचंय, सुरुवात कुठून?

प्रश्न : माझी मुलगी रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्रातल्या पाइपलाइन तपासणाऱ्या, आपले आपण चालणाऱ्या रोबोटवर तिला काम करायचं आहे. यात नोकरी मिळते का? पुढे काय शिकवावं? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. नोकरी मिळते, पण बहुधा शेजारच्या दारानं. बॉम्बे हायमध्ये १९७४ साली तेल सापडलं. तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. तळावरच्या पाइपलाइनखालची वाळू वाहून पाइप अधांतरी लटकतोय का, गंज रोखणारे अॅनोड किती झिजलेत, हे सतत तपासावं लागतं. जवळून बघण्याचं हे काम बरंचसं केबलला बांधलेला, बोटीवरून माणूस चालवतो तो रोबोट, म्हणजे आरओव्ही करते. बिनकेबलची, आपली आपण चालणारी एयूव्ही लांब पल्ल्याचं सोनार (ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून तळ टिपणारं) सर्वेक्षण करते. त्यामुळे पहिली नोकरी आरओव्ही टेक्निशियनची असण्याची शक्यता जास्त. ती कमीपणाची मानू नका, हात तिथेच तयार होतो.

या कामातला खरा अवघड प्रश्न एकच : यंत्र आत्ता नेमकं कुठे आहे? पाण्याखाली जीपीएस पोचत नाही. मग तळावर ध्वनी आपटवून वेग मोजणारा डीव्हीएल आणि दिशा सांगणारा जायरो यांच्या जोरावर हिशोब चालतो. त्यात हजारात एक इतकीच चूक धरली, तरी १० किलोमीटरनंतर यंत्र १० मीटर बाजूला गेलेलं असतं, आणि पाइप असतो मीटरभरापेक्षाही कमी जाडीचा. गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला तो दिसणारच नाही. म्हणून सेन्सरचा आकडा खरा की खोटा हे ओळखणाऱ्या माणसाला इथे किंमत आहे. गंजाच्या तपासणीत पाइपचं विद्युत विभव उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण हवं. आकडा उणे ७०० आला, तर पाइपला दोष देण्याआधी प्रोबचं, म्हणजे पाइपला टेकवायच्या मोजणीच्या दांडीचं टोक शेवाळ-शिंपल्यांच्या थरावरच अडलं नाही ना, ते पाहायचं.

तुमच्या लेकीची शाखा योग्यच आहे. डिप्लोम्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग घ्या. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन. सोबत पायथन, लिनक्स आणि सोल्डरिंग. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्या महागड्या खासगी कोर्सला पैसे भरू नका. गोव्यात दोनापावलाच्या एनआयओनं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ‘माया’ ही एयूव्ही बनवली आहे; तिथे इंटर्नशिपसाठी अर्ज करू दे. चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था) विद्यार्थ्यांसाठी ‘सेव्ह’ ही एयूव्ही स्पर्धा घेते, त्यासाठी कॉलेजात गट जमवावा.

पण सगळ्यात आधी मित्रमैत्रिणींबरोबर पाण्याखाली चालणारं एक लहान वाहन बांधू दे. मेंदू म्हणून आर्डुसब हे मोफत सॉफ्टवेअर चालेल. पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा झाकणाच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) चिकटलेल्या एका केसामुळे. खाच स्वच्छ पुसायची, रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा, मग हातपंपानं आतली थोडी हवा ओढून १५ मिनिटं दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा घसरला, तर वाहन पाण्यात सोडायचं नाही.

दुसरी गोची वजनाची. ४० लिटर पाणी सारणारं वाहन विहिरीत अगदी बरोबर तोललं, तरी मांडवी किनाऱ्यावर ते किलोभर वजनाइतकं वर उचललं जातं, कारण समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. मग ते खाली दाबून ठेवण्यातच थ्रस्टर, म्हणजे वाहन ढकलणारे पंखे, बॅटरी संपवतात. शिशाचे तुकडे वाढवायचे, पण वर तरंगण्याची थोडी ओढ शिल्लक ठेवायची. वीज गेली तर वाहन आपसूक वर यायला हवं.

समुद्रावर जावं लागेल का, ही शंका तुमच्या मनात असेलच. बोटीवरची कामं बहुतांशी कंत्राटी असतात आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात मंदावतात. बोटीवर जाण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि समुद्रातल्या बचावाचं प्रशिक्षण लागतं. सोनारच्या नोंदी वाचण्याचं काम मात्र किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून होतं.

प्रत्येक चाचणीची तारीख, वजन, बॅटरीचा व्होल्टेज आणि काय बिघडलं हे तिला एका वहीत लिहायला सांगा. मुलाखतीला गुणपत्रिकेबरोबर ती वहीही न्यावी.