सायबर सुरक्षा शिकवायला आठवी-नववीच्या वर्गात पहिल्यांदा जाताना

पहिल्याच तासाला सायबर कायद्याची कलमं काढू नका, मुलं जांभया देतात. 'मोबाईल वाईट' हे तर ती घरी रोजच ऐकतात. गेमपासून सुरुवात करा. फुकट डायमंड (गेममधलं चलन) देणाऱ्या लिंकवर कोणी क्लिक केलंय विचारलंत की हात वर होतात. तिथून ओटीपी, पासवर्ड पटकन उरकता येतं.

खरा वेळ द्या तो फोटोवरून होणाऱ्या ब्लॅकमेलला. अनोळखी 'मुलगी' इन्स्टावर गोड बोलते, फोटो मागते, मग पैसे. यात मुलगेही अडकतात हे मुद्दाम सांगा, कारण त्यांना हा विषय मुलींचाच वाटतो. पैसे द्यायचे नाहीत (एकदा दिले की मागणी वाढते), चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट घेऊन ब्लॉक करायचं, घरी किंवा शाळेत कुणा मोठ्याला सांगायचं. फळ्यावर हेल्पलाइन नंबर लिहा: मुलांसाठी १०९८, पैशांच्या फसवणुकीसाठी १९३०. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही दाखवा. फोटो फोनबाहेर न जाता त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि त्यावरून सहभागी प्लॅटफॉर्म तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.

पालकांची सभा वेगळी घ्या. मूल सांगायला आलं तर आधी ऐकायचं, फोन हिसकावायचा नाही, एवढं कबूल करून घ्या. वडिलांना हे जरा जड जातं.